मासे स्वस्त, थंडी महाग

"बारक्याचा चिलर आला गं काल," काकी म्हणाल्या आणि भिंतीवर वाळत घातलेलं पायपुसणं उलटं करून ठेवलं. "अठ्ठावीस हजार! आमच्या फ्रिजलासुद्धा एवढे पडले नव्हते."

"हा पण फ्रिजच की काकी. माशांचा."

"फ्रिजमध्ये निदान दूध तरी राहतंय."

मलकापुरातल्या आगाशिवनगरच्या आमच्या गल्लीत दिवाळीपासून हा एकच विषय चालू आहे. काकींचा बारका पुण्याच्या कंपनीचं काम घरनंच करतो. त्यानं एक दिवस जाहीर केलं, हॉलमध्ये फिश टँक ठेवणार. काकींना वाटलं, काचेची पेटी, चार गोल्डफिश, बुडबुडे सोडणारा प्लॅस्टिकचा खजिना. दोन-तीन हजारांत काम भागेल. पण त्याला नदीतले मासे नको होते, समुद्रातले पाहिजे होते. नुसते मासेही नाही, त्यांच्या खालचा सगळा तळ पाहिजे. खडक, वाळू, त्याच्यावर हलणारे ते फुलांसारखे जीव. आणि मलकापुरात! आपल्याकडनं समुद्र बघायला कुंभार्ली घाट उतरावा लागतो.

काका तेच म्हणाले. टेम्पो करू, गुहागरला जाऊ, दोन बॅरल भरून आणू, फुकटचं पाणी. बारक्यानं कपाळाला हात लावला. किनाऱ्याजवळचं पाणी गढूळ असतं. पावसाळ्यात नद्यांचं गोडं पाणी त्यात मिसळून खारेपणा उतरतो. आणि बॅरलचं झाकण लावलं की त्यातले बारीक जीव मरून पाणी सडायला लागतं. म्हणून मीठ विकत आणायचं आणि समुद्र घरी कालवायचा.

"मी म्हटलं, मीठच ना? खडेमीठ घे की डब्यातलं," काकी म्हणाल्या. "तर म्हणतो, आई, समुद्रात नुसतं मीठ नसतं, कॅल्शियम असतं, मॅग्नेशियम असतं, अजून काय काय असतं. सगळं मापात पाहिजे."

मापही त्यानं मला समजावलं होतं. लिटरला साधारण पस्तीस-छत्तीस ग्रॅम. टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे 190 लिटर. एका भरतीला सात किलो मीठ लागलं. वर दर आठवड्याला वीस लिटर पाणी बदलायचं, म्हणजे महिन्याला आणखी तीन किलो. वजनाचा हिशेब तर काकांनीच केला. पाणी, काच, दगड, स्टँड सगळं धरून अडीचशे किलोच्या वर. म्हणून माडीवरची खोली रद्द झाली आणि टाकी खाली हॉलमध्ये आली, टीव्हीच्या जागेवर. टीव्ही आता देवघराशेजारी आहे. काकी मालिका बघता बघता हात जोडतात की हात जोडता जोडता मालिका बघतात, कळत नाही.

पाण्याचा प्रकार निराळाच. आपल्या मलकापूरचं चोवीस तास पाणी सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. घरोघरी मीटर, जास्त वापराल तर जास्त दर, आणि त्या योजनेला दिल्लीचा पुरस्कारसुद्धा मिळालेला. पण बारक्याला ते पाणी चालत नाही! माणसांना चालतं, त्याच्या दगडांना चालत नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, क्षार असतात, त्यावर शेवाळ माजतं. म्हणून आरओ, आणि आरओच्या पुढं आणखी एक नळकांडं, त्याला डीआय म्हणतात. त्यातनं पडणाऱ्या पाण्यात टीडीएसचा पेन बुडवला की आकडा शून्य यायला पाहिजे. एक लिटर असं पाणी मिळवायला तीन-चार लिटर वाया जातं, आणि मीटर सगळंच मोजतो.

"वाया कुठं जातंय?" काकी भिंतीपलीकडनं म्हणाल्या. "पोछा त्याच पाण्यानं. संडासात तेच. तुझ्या जास्वंदीला परवा घातलं ते काय होतं?"

मला वाटलं होतं काकींना माया आली.

कुरिअरचा पोरगा तर आता गेटचा कडी-कोयंडा स्वतःच काढतो. आधी टाकी, स्टँड आणि खालची दुसरी टाकी आली. तिला संप म्हणतात. मशिनरी, गाळण्या, सगळं तिच्यात लपवायचं. हे पंधरा हजारांत बसलं. मग लाइट, बारा हजार. काकींना वाटलं, ट्यूबलाइट दोनशेला मिळते. पण ते पोवळं, ज्याला आपण दगड म्हणतो, तो प्राणी असतो. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि ते शैवाल उन्हावर अन्न करून त्याला खायला घालतं. म्हणजे टाकीवर ऊन पाहिजे, तेही समुद्राच्या पोटात पोचतं तसं निळं. रात्री आठ वाजता काकींच्या खिडकीतनं तो निळा उजेड रस्त्यावर पडायला लागला आणि पहिल्या आठवड्यात गल्लीत बोलणं झालं, काकींच्या घरी ऑर्केस्ट्रा बार काढलाय. मी कुणाला सांगितलं नाही. फक्त कोपऱ्यावरच्या वहिनींनी विचारलं तेव्हा नाही म्हणाले नाही.

मग आला स्किमर, नऊ हजारांचा. हे यंत्र मी स्वतः जवळ जाऊन बघितलं. उभं नळकांडं. आत पाण्यात बारीक बारीक हवा घुसळते, दुधासारखा फेस वर चढतो आणि वरच्या कपात जाऊन बसतो. माशांची घाण, उरलेलं खाणं, पाण्यात विरघळलेलं सगळं त्या फेसाला चिकटून येतं. दोन दिवसांनी कप काढला की आत काळपट, दाट, काढ्यासारखं पाणी. वास असा की मी दोन पावलं मागं सरकले. काकींनी मात्र नाकाला पदर लावून कप मोरीत ओतला आणि विमनं घासायला घेतला. तेवढ्यात बारका वरनं ओरडला, "साबण नको!" साबणाचा अंश राहिला तर फेस सगळा उलटून जमिनीवर येतो म्हणे.

आरओ-डीआयचे पाच हजार. पंप, लाटा करणारा पंखा, दगड, वाळू, खारटपणा बघायची दुर्बिणीसारखी नळी, तपासणीच्या बाटल्या आणि मीठ असं सटरफटर मिळून वीस-बावीस. आणि कालचा हा चिलर. एकूण नव्वद हजारांच्या घरात गेलं, आणि यात मासा एकही नाही. दिवाळीत बारक्यानं काकांना तीस हजार सांगितले होते. काकांना पूर्ण आकडा अजून माहीत नाही. तुम्ही कुठं बोलू नका.

मासे नाहीत याची तर वेगळीच गंमत झाली. टाकी भरल्यावर अख्खी गल्ली बघायला आली. आत नुसते दगड. "मासे कुठं आहेत?" म्हणून पोरं काचेला नाक लावून उभी. बारका सांगतोय, पाच-सहा आठवडे काही टाकायचं नाही. आधी दगडात आणि वाळूत जिवाणू वाढायला पाहिजेत. घाणीतनं अमोनिया होतो, तो माशांना विष. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट, आणि ते थोडंफार चालतं. ही साखळी बसल्याशिवाय मासा सोडला तर तो मरणारच. तोवर रोज संध्याकाळी हा बाटल्यांत पाणी घेऊन, थेंब टाकून, रंग बघत बसायचा. कोपऱ्यावरच्या वहिनी म्हणाल्या, याला शुगर झाली काय?

चिलरची गोष्ट मात्र खरी लागणारी आहे. पोवळ्याला पाणी पंचवीस-सव्वीस अंशांवर पाहिजे. तिशीच्या वर गेलं आणि तिथंच राहिलं की त्याच्या अंगातलं शैवाल बाहेर पडतं आणि ते पांढरंफटक होतं. आपल्याकडं एप्रिल-मे कसा तापतो ते सांगायला नको. हिवाळाभर बारक्यानं पाण्यावर छोटा पंखा लावून भागवलं. वारा लागला की पाणी उडतं आणि दोन-तीन अंश उतरतं. पण उन्हाळ्यात त्यानं निभत नाही. चिलर पाणी गार करतो हे खरं, पण ती गरमी जाणार कुठं? मागच्या जाळीतनं हॉलमध्ये.

"मासे गारव्यात आणि मी घामाघूम," काकी म्हणाल्या. "म्हटलं, आता मलाच टाकीत बसव."

आमचे हे महावितरणातनं रिटायर झालेत, त्यांना हिशेब टाकायला निमित्तच लागतं. त्यांनी भिंतीपाशी उभं राहून विचारलं, चिलर किती वॅट? अडीचशे. दिवसाला चालतो किती? दहा तास. लाइट शंभर वॅट, आठ तास. बाकीचे पंप चोवीस तास. दिवसाला साडेचार युनिट, महिन्याला 135-140. आणि काकींचं घर आधी शंभर युनिटच्या आत बसत होतं, ते आता वरच्या स्लॅबमध्ये जाणार. म्हणजे वाढलेलं प्रत्येक युनिट महागातलं. महिन्याला दीड हजार तरी वाढीव धरा, असं सांगून हे पेपर वाचायला निघून गेले. काकी बराच वेळ गप्प होत्या. असं वर्षा-सहा महिन्यांत एकदा घडतं.

वीज गेली तर? इन्व्हर्टरवर बाकी काही नाही, पण लाटा करणारा पंखा पाहिजेच. पाणी हललं नाही तर त्यातला ऑक्सिजन उतरतो आणि काही तासांत सगळं संपतं. मागच्या वळवाला तीन तास लाइट नव्हती तेव्हा काकींच्या घरात पंखा एकच चालू होता. तो टाकीत.

शेवटी मासे आले. दोन क्लाउनफिश, नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे. जोडीला दोन हजार. सगळ्या खरेदीत सगळ्यात स्वस्त तेच. हॅचरीत जन्मलेले आहेत, समुद्रातनं पकडलेले नाहीत, हे बारका दहादा सांगतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं ती विद्या आपल्याकडं बसवली. ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानचीसुद्धा हॅचरी आहे. पकडून आणलेला मासा पुष्कळदा खातच नाही, हा पहिल्या दिवसापासून खायला तोंड वर करतो.

"आणि ऐक," काकी आवाज खाली आणून म्हणाल्या, जसं काही मासे ऐकतील. "त्यात ते सगळे नरच जन्मतात म्हणे. जो मोठा होतो तो मादी होतो. मग घरावर तिचंच राज्य. अंडी घातली की राखायचं काम त्याच्याकडं. आणि ती गेली तर हाच बाई होतो."

"काकांना सांगितलंत?"

"ऐकून चहा करायला उठले."

पोवळ्याचं मात्र जरा नाजूक प्रकरण आहे. बारक्याला कुणीतरी फोनवर फोटो दाखवला, मालवणचं आहे, आणून देतो. यानं फोन ठेवला. आपल्या 1972च्या वन्यजीव कायद्यात 2001 साली खडक बांधणारी सगळी पोवळी पहिल्या अनुसूचीत घातली. ज्या यादीत वाघ, त्याच यादीत. काळं पोवळं, समुद्रपंखा, घोडामासासुद्धा. शिक्षा तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत. मालवणला तर 1987पासून सागरी अभयारण्यच आहे. किनाऱ्यावर पडलेला वाळका तुकडासुद्धा खिशात घालायचा नाही. हे ऐकल्यावर मला आमच्या नणंदबाईंच्या शोकेसमधला तो पांढरा झाडासारखा तुकडा आठवला, अंदमानहून आणलेला. त्या मला साडीबद्दल काय बोलल्या होत्या तेही आठवलं. पण मी काही बोलणार नाही.

म्हणून बारक्यानं यादीत नसलेले मऊ जीव घेतले, बटणांसारखे, हिरव्या-जांभळ्या तोंडांचे. त्यांना झोआ म्हणतात. दुसऱ्या एकाच्या टाकीत वाढलेली कलमं होती, पावतीसकट घेतली. आणि त्यातच जीव टांगणीला लागला. काकी एक दिवस म्हणाल्या, दगडावर बुरशी आलीय, उकळत्या पाण्यात घालून ब्रशनं घासू का? बारका जिन्यावरनं धावत आला. त्यांतल्या काही जातींच्या अंगात पॅलिटॉक्सिन नावाचं जबर विष असतं. दगड उकळला तर वाफेतनं फुप्फुसात जातं. परदेशात त्यानं अख्खी घरं दवाखान्यात गेलीत. तेव्हापासून दगडाला हात लावायचा तो हातमोजे घालून, आणि तोही बारक्यानंच.

तांब्याच्या कळशीवरही बंदी आली. काकींनी एकदा पाणी कमी दिसलं म्हणून देवघरातल्या कळशीनं भर घालायला घेतली होती. तांबं माणसाला चांगलं, पण या बिनकण्याच्या जिवांना थोडंसुद्धा सोसत नाही. आता बाजूला प्लॅस्टिकचा जग ठेवलाय, वर मार्करनं लिहिलंय 'आई, हाच.'

एक गोष्ट मात्र काकींच्या हातची निघाली. कॅल्शियम कमी पडायला लागलं की शुद्ध चुन्याची निवळी रात्री थेंबाथेंबानं सोडायची असते, घाईनं ओतली तर पाणी एकदम अल्कली होतं. निवळी धरायला बारक्याला तीनदा जमलं नाही, सगळं गढूळ. काकींनी पहिल्या फटक्यात काचेसारखी वरची वर काढून दिली. "पानाच्या डब्याला जन्म गेला माझा," म्हणाल्या.

आता पुढच्या आठवड्यात त्यांच्या भाचीचं लग्न आहे सांगलीला, सगळे तीन दिवस जाणार. किल्ली माझ्याकडं. बारक्यानं कागदावर सगळं लिहून दिलंय. सकाळी एक चिमूट खाणं, जास्त नको. पाणी उडून रेघेच्या खाली गेलं तर शून्यवालं गोडं पाणी घालायचं, खारं नाही, कारण उडतं ते पाणी, मीठ आतच राहतं. चिलरवर 26 दिसलं पाहिजे. आकडा 28 झाला तर फोन.

"आणि मासा उताणा दिसला तर?" मी विचारलं.

"तर मला फोन करू नकोस," काकी म्हणाल्या. "अक्षता पडू दे आधी."