तोंडाला पाने, भिंतीला टेक्श्चर

रावेतमधली सर्वांत जुनी गोष्ट कोणती, असे विचारले तर गावठाणातला माणूस पवनेकडे बोट दाखवतो आणि टॉवरमधला माणूस स्वतःच्या गृहकर्जाकडे. 1997 साली आसपासची अठरा गावे पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली, त्यांत रावेत होते. त्यानंतर इथे जे उभे राहिले त्यातल्या बहुतेक इमारतींचे अजून लग्नाचे वयही झालेले नाही. जुने काही नसताना वारसा जपायचा कसा, हा प्रश्न दुसऱ्या एखाद्या गावाला पडला असता. आम्ही तो बिल्डरवर सोपवला. त्याने रोमन खांब आणून दिले.

हे खांब काचतंतूंच्या काँक्रीटचे, आतून पोकळ. टिचकी मारली की मडक्यासारखे वाजतात. जगात खांब छताला धरतो, आमच्याकडे छत खांबाला धरून असते. खांबांवर कमान, कमानीवर सिंह, सिंहाशेजारी एसीचे आउटडोअर युनिट आणि त्याची पाण्याची नळी सोयीसाठी सिंहाच्याच जबड्यातून काढलेली. एवढे एक सोडले तर बाकी सगळे इटालियन.

आता या इटलीने बारा पावसाळे खाल्ले आणि भिंतींना ओल धरली. मग आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेपुढे विषय आला : ‘दर्शनी भागाचे जतन व पुनरुज्जीवन’. गळती डक्टमधल्या पाइपांतून होते, हे प्लंबरपासून पहिल्या मजल्यावरच्या काकूंपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. पण डक्ट मागे आणि फ्लॅटचा भाव पुढच्या बाजूवर ठरतो. सिंकिंग फंड कशावर खर्चायचा यावर हात वर झाले. पाइपाचे डिपॉझिट जप्त झाले, टेक्श्चर पेंट प्रचंड मतांनी निवडून आला. सल्लागार म्हणाले, इमारतीला तिचे मूळ रूप परत देऊ. मूळ रूप म्हणजे नेमके कोणते, असे एका काकांनी विचारले. ते टेल्कोच्या क्वालिटी विभागातून निवृत्त झालेले, त्यांना अशा खोडी असतात. सल्लागारांनी बुकिंगच्या वेळचे ब्रोशर पडद्यावर टाकले. त्यात कारंजे होते, हिरवळ होती, एक पांढरा घोडाही होता. यातले काहीच कधी बांधले गेले नव्हते. तरी ते परत आणायचे ठरले, एकमताने.

हसण्यासारखे यात काही नाही, कारण याला फ्रान्सचा आधार आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे व्हिओले-ल-द्युक नावाचे वास्तुतज्ज्ञ होते. जीर्णोद्धार म्हणजे वास्तू अशा पूर्णत्वाला नेणे, की जे पूर्णत्व तिच्या वाट्याला कधी आलेही नसेल, असे त्यांचे मत. पॅरिसच्या नोत्र दामवरचा उंच मनोरा त्यांच्याच कल्पनेतला. 2019 च्या आगीत तो कोसळला तेव्हा मध्ययुग कोसळले असे समजून सगळे जग हळहळले, आणि 2024 च्या डिसेंबरात चर्च पुन्हा उघडले तेव्हा मनोरा होता तसाच, म्हणजे द्युकसाहेबांच्या नमुन्याबरहुकूम, उभा होता. आमच्या सल्लागारांनी हे नाव ऐकलेले नाही. पण थोरांचे विचार जुळतात.

पॅरिसचे तिकीट परवडत नसेल त्यांनी बाजीराव रस्त्यापर्यंत जावे. दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबाग वाडा 1807 च्या सुमारास बांधलेला. पुढे 1821 साली इंग्रजांनी तिथे संस्कृत पाठशाळा काढली. 1879 च्या मे महिन्यात पुण्यात लावलेल्या आगीत वाड्याची पूर्वेची, म्हणजे रस्त्याकडची बाजू जळाली आणि ती पुन्हा उभी राहिली ती लोकवर्गणीतून आणि नगरपालिकेच्या पैशातून. तेव्हा पेशवाईच्या आठवणीने ऊर भरून येऊन आपण ज्या बाजूसमोर सेल्फी काढतो, तिच्यावर पेशव्यांइतकाच वर्गणीदारांचा हक्क आहे. मला कौतुक वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. नगरपालिकेने करून घेतलेले काम लोकांना पेशव्यांचे वाटावे! आज महापालिकेने केलेले काम महापालिकेचे आहे, हे रस्त्यापलीकडूनच कळते. एरवी कळले नाही तर शेजारी फलक असतो, कामापेक्षा मोठा.

शनिवारवाड्याचे तर विचारूच नका. 1828 च्या आगीनंतर तट आणि दिल्ली दरवाजा शाबूत राहिले, आत नुसती जोती. दर्शनी भाग तेवढा ठेवायचा आणि आतले सगळे मोकळे करायचे, हा आजच्या रिडेव्हलपमेंटचा नमुना पुण्यात असा दोनशे वर्षांपूर्वीच तयार होता. पेठांतल्या बिल्डरांनी त्यात इतकीच सुधारणा केली, की वाड्याचा दरवाजा काढून लॉबीत भिंतीला टांगला.

आता आमच्या पट्ट्यात खरोखर जुने, जपण्याजोगे काय आहे? चिंचवडगावात मंगलमूर्ती वाडा आहे, चापेकरांचा वाडा आहे. पण या कारखान्यांच्या शहराचा स्वतःचा वारसा म्हणाल तर मी पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचे नाव घेईन. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने 1954 साली ती कंपनी उभी राहिली आणि देशाला तिथून पेनिसिलिन मिळू लागले. पिंपरी-चिंचवडला नगरपालिका मिळाली त्यानंतर सोळा वर्षांनी. बाहेरगावच्या पाहुण्यांना शहर दाखवताना मात्र आपण त्यांना रात्री बास्केट ब्रिजचे दिवे दाखवतो. कंपनीला रोमन खांब नाहीत, त्याला आता काय करणार?

समजा, उद्या चिंचवडच्या एखाद्या जुन्या भिंतीचे काम शास्त्रशुद्ध करायचे कोणी मनावर घेतलेच. जुन्या दगड-विटांच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, क्षार फुगतात, पोपडे निघतात आणि जाताना मूळ विटेचा चेहराही सोबत नेतात. चुन्याचा गिलावा ओलीला वाट देतो. पण तो चुना आधी भिजवून मुरवावा लागतो, वाळू-सुरखी घालून घाणीत मळावा लागतो, त्यात गुळाचे पाणी, हिरडा, बेलफळ पडते. हे सगळे जाणणारा एखादा भला अभियंता प्रस्ताव तयार करील आणि फाइल वर जाईल. मग ती शेऱ्यांसह खाली येईल. ‘गूळ, ढेपा तीन : सदर बाब बांधकाम साहित्यात मोडते किंवा कसे, याचा खुलासा व्हावा. चहापानावर यापूर्वीच खर्च पडला आहे.’ ‘हिरडा : आरोग्य विभागाकडे वर्ग.’ ‘बेलफळ : उद्यान विभागाकडे उपलब्ध असल्यास खरेदी टाळावी.’ ‘घाणीसाठी बैल : पशुवैद्यकीय विभागाचा ना-हरकत दाखला जोडावा.’ आणि सर्वांत खाली, हिरव्या शाईत : ‘चुना मुरण्यास काही महिने लागतात, ही बाब मान्य. तथापि निधी व्यपगत होऊ नये यास्तव तो 31 मार्चपूर्वी मुरल्याचे प्रमाणपत्र सादर करावे.’