थोडक्यात उत्तरांचे शास्त्र

‘थोडक्यात उत्तरे लिहा’ ही सूचना राज्य मंडळ दरवर्षी छापते, विद्यार्थी ती वाचत नाहीत आणि क्लासवाले ‘पान भरा’ अशी तिची दुरुस्ती करून देतात. त्यामुळे दहावीच्या परीक्षेत लघुत्तर ही सर्वांत लांबणारी गोष्ट ठरली आहे.

इतिहास-राज्यशास्त्राच्या पेपरला ४० गुण आणि दोन तास असतात. एका गुणाला तीन मिनिटे, म्हणजे दोन गुणांच्या उत्तराला सहा. तेवढ्यात प्रश्न वाचून, दोन मुद्दे आठवून चार-पाच ओळी लिहाव्यात, असा हिशेब आहे. प्रत्यक्षात निम्मा वेळ प्रस्तावना खाते. टीप कशावरही असो, ती ‘प्राचीन काळापासून’ सुरू होते आणि मूळ विषय पान उलटल्यावर भेटतो.

प्रचलित तंत्रांमध्ये पहिला मान चक्राकार उत्तराचा. ‘सोडिअम रॉकेलमध्ये ठेवतात. शास्त्रीय कारण लिहा.’ उत्तर येते ते असे : ‘सोडिअम रॉकेलमध्ये सुरक्षित राहते. बाहेर ठेवल्यास ते असुरक्षित होते. म्हणून सोडिअम रॉकेलमध्ये ठेवतात.’ वाक्ये तीन, अधोरेखा दोन, कारण शून्य. वास्तविक सोडिअमची हवेतील ऑक्सिजन व बाष्प यांच्याशी तीव्र अभिक्रिया होऊन ते पेट घेते. रॉकेलशी त्याची अभिक्रिया होत नाही आणि ते त्यात बुडून राहते. एवढ्यात प्रश्न मिटतो. पण इतके आटोपशीर उत्तर कागदावर फार गरीब दिसते, म्हणून ते लिहायला कोणी धजत नाही.

दुसरे तंत्र ‘फरक स्पष्ट करा’साठी राखीव आहे. मध्ये रेघ मारायची. डावीकडे ‘धातू विजेचे सुवाहक असतात’, उजवीकडे ‘अधातू विजेचे सुवाहक नसतात’. तिसऱ्या ओळीपर्यंत ऐवज संपतो आणि ‘यांना धातू म्हणतात, त्यांना अधातू म्हणतात’ असा मोलाचा फरक नोंदवला जातो. आधी निकष ठरवून मग दोन्ही बाजू लिहिण्याची रीत आहे. त्या रीतीने गेल्यास चकाकीच्या रकान्यात आयोडीनचा अपवादही आठवतो.

तिसरे तंत्र गोणी रिकामी करण्याचे. ‘ब्राझीलमध्ये नियमित हिमवर्षाव होत नाही’ याचे भौगोलिक कारण विचारताच कॉफीचे मळे, ॲमेझॉनचे खोरे आणि फुटबॉल एकापाठोपाठ बाहेर पडतात. देशाचा बहुतांश भाग विषुववृत्त ते मकरवृत्त यांच्या दरम्यान येतो, त्यामुळे तापमान जास्त राहते, हे कारण मात्र गोणीच्या तळाशीच राहते. ‘कोणतेही दोन’ असे बजावले असताना तिन्ही प्रश्न सोडवणारे दानशूरही याच पंथातले. तिसऱ्या उत्तराचे वेगळे गुण नसतात. वेळ मात्र जातो.

मराठीच्या पेपरातील ‘स्वमत’ हा या शास्त्राचा कळस होय. स्वतःचे मत गाईडमध्ये छापलेले असते आणि ते रात्री जागून पाठ करावे लागते. एकाच वर्गातील साठ मुलांचे स्वमत स्वल्पविरामासकट जुळते. लोकशाहीत एवढे एकमत अन्यत्र आढळत नाही.

मूळ शास्त्र याहून सोपे आहे. गुण किती, ते आधी पाहावे आणि तेवढेच मुद्दे लिहावेत. प्रत्येक मुद्दा नव्या ओळीवर असावा. कारण विचारले तर कारण, फरक विचारला तर फरक द्यावा. पहिल्याच वाक्यात उत्तर असावे, प्रश्नाची नक्कल नसावी. तपासणाऱ्यासमोर गठ्ठ्याने उत्तरपत्रिका असतात. त्याची नजर मुद्दा शोधते, पाने मोजत नाही.

असे लिहिल्यास वेळ उरतो. उरलेल्या वेळेचे काय करायचे हे कोणत्याच क्लासात शिकवत नाहीत, म्हणून विद्यार्थी पुरवणी मागतात.