गावरस्त्याचे वहिवाटदार

गावरस्त्याचे वापरकर्ते मानाच्या क्रमाने असे: म्हैस, गाय, शेळ्या, कुत्रा, उसाचा ट्रॅक्टर आणि उरल्या जागेत माणूस. म्हशीला हॉर्न ऐकू येतो. तो आपल्यासाठी आहे, हे तिला मान्य नसते. पावसाळ्यात गोठ्यात चिखल आणि माश्या वाढल्या की गुरे कोरड्या डांबरावर बसतात. उसाच्या ट्रॉलीला मागे दिवा नसला तरी पुढे गाणी असतात.

मोकाट गुरांसाठी १८७१च्या कायद्याने कोंडवाडे दिले. अनेक गावांत त्यांत आज गुरे सोडून सगळे सापडते. जनावर दूध देते तोवर त्याला मालक असतो. आटले की ते साऱ्या गावाचे होते. वाहनाखाली सापडले की मालक भरपाईच्या आकड्यासह पुन्हा प्रकटतो.

भारतीय रस्ते परिषदेच्या मानकानुसार गोलसर गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर असते. गावातला गतिरोधक अपघाताच्या दुसऱ्या दिवशी, ग्रामस्थांच्या संतापाच्या उंचीचा बांधला जातो. त्यावरचे पांढरे पट्टे पुढच्या अपघातानंतर येतात.