इथं शड्डू कुणी ठोकत नाही

किल्केनी, आयर्लंड
नागपंचमी, 29 जुलै 2025

तीर्थरूप आबांस,


आज तिकडे जामखेडला जत्रा. तुम्ही फेटा बांधून, "तासाभरात आलोच" असं आईला सांगून कुस्त्यांच्या हगाम्याला गेला असाल. आई पुरणाची दिंडं झाकून बसली असेल. ती गार झाली की तिने तुमच्या नावाने काय काय म्हटलं, ते मला रात्री फोनवर कळेलच. फोन तिच्याच हातात असतो, म्हणून तुमच्याशी बोलायचं तर पत्रच बरं.

मागे तुम्ही विचारलं होतं, "तुमच्या तिकडच्या काठीवाल्यांचा हगामा कधी? यंदा मैदान कोण मारणार?" तर ऐका. किल्केनी काउंटीचा, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्याचा, हर्लिंगचा क्लब हंगाम आता तोंडावर आलाय. वरच्या गटात बारा संघ. आधी साखळी सामने, मग बाद फेरी आणि ऑक्टोबरच्या अखेरीस नोलन पार्क मैदानावर अंतिम सामना. एवढं सोपं आहे. कोण जिंकणार ते सांगणं मात्र महाकठीण, कारण इथली माणसं.

आपल्याकडे पैलवान मैदानात उतरला की पहिलं काम शड्डू ठोकायचं. जोड बरोबरीची नसली तरी आवाज बरोबरीचा पाहिजे. इथं सगळं उलटं. सामना जवळ आला की जो तो रडायला लागतो. बेकरीत, पोस्टात, चर्चच्या दारात, कुणालाही विचारा, "यंदा तुमचं कसं काय?" उत्तर ठरलेलं: "कसलं काय बाई! तिघं जायबंदी, दोघं ऑस्ट्रेलियाला गेले, एकाचं नेमकं त्याच आठवड्यात लग्न. आमचं काही खरं नाही." दोन दिवसांनी हाच संघ समोरच्याला दहा गुणांनी लोळवतो आणि हाच माणूस म्हणतो, "नशीब, दुसरं काय!" बाराच्या बारा संघ हरणार असं बाराही गावं शपथेवर सांगतात. म्हणून मी माझा नियम केलाय. जो जास्त रडतो, त्याला भारी धरायचं.

खेळाचा व्हिडिओ दाखवला तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "ही तर भावकीतली मारामारी. पंच कशाला ठेवलाय?" पंच आहे आबा, एक मुख्य आणि दोन्ही गोलांपाशी दोन-दोन मदतनीस. हे मदतनीस पांढरे लांब कोट घालतात. तुमचे जावई पहिल्यांदा बघून म्हणाले, "तयारी चांगलीय, चार डॉक्टर आधीच उभे केलेत." संघात पंधरा-पंधरा गडी. हातात ॲशच्या लाकडाची काठी, तिला हर्ली म्हणतात. चामड्याचा लहान चेंडू, तो सुटला की डोळ्याला दिसत नाही. हेल्मेट सक्तीचं केलं ते 2010 मध्ये. त्याआधी सव्वाशे वर्षं ज्याला वाटेल तो उघड्या डोक्याने खेळत होता. आपल्याकडे निदान खाली माती तरी मऊ असते.

आता गुणांचं. गोलाचे खांब उंच असतात. चेंडू आडव्या दांडीवरून गेला तर एक गुण आणि पांढरा झेंडा. दांडीखालून जाळीत गेला तर गोल, त्याचे तीन आणि हिरवा झेंडा. 6 जुलैला क्रोक पार्क मैदानावर ऑल-आयर्लंडचा, म्हणजे काउंटीच्या संघांच्या देशपातळीवरच्या स्पर्धेचा, उपांत्य सामना झाला, आमची किल्केनी विरुद्ध टिपररी काउंटी. आम्ही तीस वेळा चेंडू दांडीवरून मारला. त्यांनी वीस वेळाच मारला, पण चार गोल केले. बारा आणि वीस, बत्तीस. आम्ही दोन गुणांनी घरी. वर शेवटच्या मिनिटांत फलकावरच्या आकड्यांचा घोळ झाला तो वेगळाच. गुणांवरची कुस्ती ही कुस्तीच नव्हे, पाठ लागली पाहिजे, असं तुम्ही जन्मभर सांगत आलात. तुम्ही टिपररीच्या बाजूने ओरडला असतात, हे मी इथं कुणाला सांगितलेलं नाही. आम्हाला याच गावात राहायचंय.

पुढे 20 जुलैला अंतिम सामना. टिपररीसमोर कॉर्क काउंटी, सगळ्यांनी कॉर्कवर डाव लावलेला. मध्यंतराला कॉर्क सहा गुणांनी पुढे. उत्तरार्धात त्यांना मोजून दोन गुण मिळाले आणि टिपररीने पंधरा गुणांनी सामना नेला. आमच्या शेजारच्या आजीबाईंनी निदान केलं, "मध्यंतराला कुणीतरी 'जिंकलो' म्हणालं असणार." या देशात एवढा मोठा गुन्हा दुसरा नाही.

फेब्रुवारीत वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरी बघून आलात तेव्हा जिंकलेल्या पृथ्वीराज मोहोळला गदा मिळाली त्यापेक्षा थार गाडी मिळाली याचं कौतुक तुम्ही जास्त सांगत होतात. (तिथं एका मल्लाने पंचाला लाथ मारली ते आधी सांगितलंत, ते सोडा.) इथं आबा, पगार किंवा बक्षीस म्हणून एक दमडी मिळत नाही. रविवारी हजारो माणसांसमोर खेळलेला गडी सोमवारी सकाळी वर्गात फळ्यावर लिहीत असतो, नाहीतर गोठ्यात. 1999 पासून 2022 पर्यंत किल्केनीचे वस्ताद होते ब्रायन कोडी. त्यांनी अकरा वेळा ऑल-आयर्लंड जिंकून दिलं. पेशाने ते प्राथमिक शाळेचे हेडमास्तर. म्हणजे आठवडाभर पाढे आणि शनिवार-रविवारी डावपेच. एवढं सगळं करून जिंकणाऱ्याला काय, तर एक चषक, प्रत्येकाला बिल्ला आणि गावात आयुष्यभर कुणी चहाचे पैसे घेत नाही.

आणि आयात पैलवान चालत नाही. ज्या पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या हद्दीच्या, शिवेत तुमचं घर, तिथल्याच क्लबकडून खेळायचं. जुलैपर्यंत जे काउंटीसाठी खांद्याला खांदा लावून लढले, तेच आता आपापल्या गावाकडून एकमेकांच्या नडगीवर काठी घालणार. आम्ही घर घेतलं ते भाडं परवडलं म्हणून. नंतर कळलं, ते सेंट जॉन्स पॅरिशमध्ये आहे. त्यामुळे आम्ही आपोआप ओलॉकलिन गेल्स क्लबचे. नातवाला अकरा वर्षांखालच्या संघात घेतलंय. जावयांना पिवळं जाकीट घालून पार्किंगला उभं केलंय. इथं जावयाचा मान एवढाच.

आता संघांचं पाणी जोखू.

पहिलं नाव बॅलिहेल शॅमरॉक्स. दक्षिणेकडचं एवढंसं गाव, क्लब 1972 चा, पण अख्ख्या आयर्लंडची क्लब स्पर्धा नऊ वेळा जिंकलेली. एवढ्या कुणीच जिंकलेल्या नाहीत. पहिली जिंकली 1981 मध्ये, तेव्हा संघात फेनेली घराण्यातले सात सख्खे भाऊ होते. सात भाऊ एका बाजूने खेळले, आपल्याकडे दोन भाऊ एका बांधावर उभे राहत नाहीत. 2018 ते 2022 अशी सलग पाच वर्षं काउंटीची स्पर्धा यांच्याकडेच होती. तिथला नावाजलेला खेळाडू टीजे रीड नोव्हेंबरमध्ये अडतीस पूर्ण करेल. गाव म्हणतं, "टीजेचं वय झालं हो." त्याचं वय दरवर्षी हंगामाच्या आधी होतं आणि हंगाम सुरू झाला की जातं. रडण्यात हे गाव सगळ्यांच्या पुढे आहे, त्यामुळे माझ्या नियमाने पहिलं पारडं यांचंच.

दुसरा थॉमसटाउन. हे गतविजेते. 1946 नंतर थेट 2024 मध्ये काउंटीची स्पर्धा जिंकली, अठ्ठ्याहत्तर वर्षांनी. त्याच्या आदल्या वर्षी तर ते खालच्या गटात होते. तिथून 2024 च्या जानेवारीत खालच्या गटाचं ऑल-आयर्लंड मारलं आणि त्याच वर्षी वरच्या गटात येऊन सगळ्यांना आडवं केलं. पण गदा घरात असताना रडायचं कसं, हे त्यांना अजून जमत नाही. चेहऱ्यावर समाधान दिसतं. आमच्या आजीबाई म्हणतात, ते लक्षण चांगलं नाही.

तिसरे आम्ही. ओलॉकलिन गेल्सने 2023 मध्ये बॅलिहेलची सलग सहावी हुकवली. पुढे 2024 च्या जानेवारीत क्लबांच्या ऑल-आयर्लंडच्या अंतिम सामन्यात सेंट थॉमस क्लबकडून हरले, तेही एका गुणाने. अठरा-सतरा. तो एक गुण इथं अजून सुतकासारखा पाळतात. बचावात ह्यू लॉलर, मायकी बटलर, पॅडी डीगन, तिघंही काउंटीकडून खेळलेले. तिकडून वारा जायचा तरी विचारून जातो. आमची रड मध्यम आहे, पण सातत्य आहे.

टलरोनबद्दल तुम्हाला माया वाटेल. बॅलिहेलइतक्याच वेळा, म्हणजे वीसदा, त्यांनी काउंटीची स्पर्धा जिंकली आहे, पण शेवटची 1994 मध्ये. जुन्या काळचा थोर खेळाडू लोरी मेअर तिथला. त्याच्या घराचं संग्रहालय केलंय. यंदा बॅलिहेल जिंकलं तर एकविसावी होईल आणि टलरोनचा विक्रम जाईल. म्हणून टलरोनची माणसं आपण जिंकावं यापेक्षा बॅलिहेल हरावं असा नवस जास्त करतात. ही भावना आपल्या तालुक्यात कुणाला समजावून सांगावी लागणार नाही.

जेम्स स्टीफन्स हा कोडी मास्तरांचा क्लब. ऐन शहरात, तरी सगळे त्याला 'व्हिलेज' म्हणतात. क्लबांच्या तीन ऑल-आयर्लंड, 1976, 1982 आणि 2005. काउंटी शेवटची 2011 मध्ये. नाव मोठं, भूक मोठी. डिक्सबरोनेही 2017 मध्ये मैदान मारलं होतं. या दोघांपैकी एक जण कुणाचा तरी घास हिरावणार, एवढं नक्की.

हे सगळं मला कसं कळतं म्हणाल, तर लोकच येऊन सांगतात. त्यांना वाटतं, नर्स आहे, हिला सगळं माहीत असणार. हंगाम जवळ आला की माझ्या दारात सफरचंदाचा केक घेऊन माणसं येतात. हवापाण्याच्या गप्पा झाल्या की हळूच विचारतात, "अमक्याच्या मांडीचं काय झालं हो?" मी तोंडाला कुलूप लावते. पेशंटचं गुपित ते गुपित. केक मात्र परत करत नाही. केक किती मोठा आहे, त्यावरून मांडी कुठल्या संघाची ते मला कळतं.

इथं एक खरं दुःखही आहे. 2012 पासून ॲशच्या झाडांना बुरशीचा रोग लागलाय. हर्ली करायला इथलंच लाकूड पुरेना, म्हणून बाहेरून मागवतात. आता बांबूच्या हर्लीसुद्धा निघाल्यात. दादा बांधावर बांबू लावायचं म्हणत होता ना? त्याला सांगा, मागणी आहे. जोडीला काठ्याही लोक स्वतःच एकमेकांवर मोडून देतात, खप थांबायचा नाही.

तर निकाल. माझ्या अंदाजाने अंतिम सामना बॅलिहेल आणि ओलॉकलिन यांच्यात. डोकं म्हणतं बॅलिहेल. मन कुणाचं ते सांगायला नको, भाडेकरार बघा. पण हे बाहेर बोलायचं नाही. काल कुंपणाशी आजीबाईंनी (माहेर बॅलिहेलचं!) विचारलं, "काय, यंदा तुमचं कसं काय?" मी पदर नसलेल्या खांद्यावरून पदर सारल्यासारखं केलं आणि म्हटलं, "कसलं काय आजी! पोरं दमलीत, त्यात पाऊस. आमचं काही खरं नाही." त्यांचा चेहरा उतरला. आत जाऊन लगेच कुणाला तरी फोन लावला.

आईला नमस्कार, दादा-वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. हगाम्यातल्या शेवटच्या कुस्तीचा निकाल कळवा. बरोबरीत सोडवली असेल तर कळवू नका, तुमचा रक्तदाब मला इथून मोजता येत नाही.

तुमची लेक

ता. क. मैत्रिणीचा भाऊ ऑक्टोबरमध्ये गावी येतोय. त्याच्याबरोबर नातवाची जुनी हर्ली पाठवते. ती भिंतीवर लावायला आहे. तिने म्हैस वळू नका आणि सरपंचांना दाखवायला ग्रामपंचायतीत नेऊ नका. तो परत निघाला की त्याच्याकडे काळा मसाला आणि कुरडया द्या. मसाला जरा जास्तच द्या, केक आणणाऱ्यांना उलट काहीतरी द्यावं लागतं. गेल्या वेळी एकाला चमचाभर दिला, तर त्यांचा गोलरक्षक दोन दिवस सरावाला आला नाही.