बुडबुड्यांच्या बाई

स्पीच थेरपी शिकणारी मुलगी ओळखायची खूण सोपी आहे. आपण बोलत असताना ती आपल्या डोळ्यांकडे बघत नाही, तोंडाकडे बघते. तुम्ही लेकीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला आलेले असता, मुहूर्त सांगत असता, आणि तिचं सगळं लक्ष ‘स’ म्हणताना तुमची जीभ दातांबाहेर डोकावते का, तिकडे. तुम्ही गेल्यावर तिला विचारलं, “लग्न कधी आहे गं?” तर सांगता येत नाही. तुमचा ‘स’ मात्र हुबेहूब करून दाखवते.

आमची भाची त्यातलीच. आमच्याकडे राहून मुंबईत शिकते. बारावीनंतर पदवीची चार वर्षं, त्यातलं शेवटचं इंटर्नशिपचं. आता वर एमएस्सीची दोन. त्याशिवाय १९९२च्या कायद्याप्रमाणे पुनर्वास परिषदेत नाव नोंदवायचं, तेव्हा कुठे व्यवसाय करता येणार. आणि एवढा पैसा ओतून कार्टी शिकली काय, तर गप्प बसायला, असं तिच्या आजीचं म्हणणं. तेही खोटं नाही. वक्तृत्व स्पर्धांचे कप फडताळात आहेत, त्यांची मालकीण हल्ली “आजी, चहा की कॉफी?” एवढंच विचारते आणि भुवया उंचावून थांबते. थांबूनच राहते. “समोरच्याला उत्तर जुळवायला वेळ द्यायचा असतो, मामा.” आजी “चहा” म्हणाली रे म्हणाली की ही लगेच, “हो, आल्याचा गरम चहा!” मुलाने दिलेला एक शब्द वाढवून त्याला परत करायचा, अशी पद्धत आहे. “मीच टाकलाय गं, मला माहितीये तो आल्याचा आहे,” असं आजी करवादली, तर हिने ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. नमुना चांगला होता म्हणे.

त्यात तो लेसन प्लॅन. ‘मूल स्पष्ट बोलेल’ असं लिहिलं की मॅडम लाल शाईने विचारतात: कोणता उच्चार? शब्दात कुठे? कितीदा? मग ते होतं, ‘चित्र दाखवल्यावर शब्दाच्या सुरुवातीचा क, दहापैकी आठ वेळा, मदतीशिवाय.’ ही भाषा हळूहळू घरात शिरली. ‘मामा ओला टॉवेल दोरीवर टाकेल, दहापैकी आठ वेळा, आठवण न करून देता’ असा कागद आमच्या फ्रिजवर आहे. माझी प्रगती विचारू नका.

या वर्षी तिची पोस्टिंग एका शाळेत होती. बसायला जागा मिळाली सामानाच्या खोलीत, एका बाजूला खिचडीच्या तांदळाची पोती, दुसऱ्या बाजूला लेझिमा. पिशवीत आरसा, चित्रांची कार्डं, भिरभिरं आणि साबणाच्या बुडबुड्यांची बाटली. पहिल्या दिवशी दोन पोरांसमोर बुडबुडे उडवले. दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग बोबडा झाला. वर्गशिक्षिकांनी आपल्या परीने निवड केली होती. “ह्याला घ्या, मॅडम, तोंड बंदच होत नाही ह्याचं.” हिला हवा होता शेवटच्या बाकावरचा, प्रश्न विचारला की पेन्सिल सोलत बसणारा. “तो? तो अगदी गुणी आहे हो. त्याचा काही त्रास नाही.”

या गुणी बाळाचा ‘क’ म्हणजे ‘त’ होता. काका म्हणजे ताता, कावळा म्हणजे तावळा. पोरं हसायची, म्हणून त्याने बोलणंच सोडलेलं. त्याची आजी सोबत आली होती. वेखंड उगाळून मधातून चाटवून झालं होतं, कुणी जिभेखालचा दोर कापा म्हणालं होतं, आणि “ह्याचा बापपण पाच वर्षांचा होईतो बोलला नव्हता, आता बघा, कुणाला बोलू देत नाही.” आपल्यासारख्याने हसून सोडून दिलं असतं. हिने फॉर्ममध्ये लिहिलं: कुटुंबात उशिरा बोलण्याचा इतिहास, आहे. तो प्रश्न खरंच असतो.

२०१६च्या दिव्यांग कायद्यात एकवीस प्रकार आहेत, वाचा आणि भाषाही त्यात आहे, हे मी तिला मोठ्या ऐटीत सांगितलं. तर म्हणाली, “ते कायमचं असेल तर, मामा. स्वरयंत्र काढलेलं, किंवा मेंदूला इजा होऊन वाचा गेलेली. ताता म्हणणारं पोर त्यात कुठे बसतं?”

ते बसत होतं पोत्यांशेजारी, आरशासमोर. मान मागे, गुळणी करताना करतो तशी. आइस्क्रीमच्या काडीने जिभेचं टोक खाली दाबून धरायचं आणि त्याला ‘ता’च म्हणायला सांगायचं, टोक वर जाऊ शकत नाही, मग मागची जीभ उचलली जाते आणि बिचाऱ्याच्या नकळत ‘का’ निघतो. निघाला त्या दिवशी घरी श्रीखंड आलं. पण हा ‘क’ खोलीच्या उंबऱ्याबाहेर यायला तयार होईना. आत काका, बाहेर ताता. कार्डावर कावळा, झाडावर तावळा. भाचीची फाईल परत आली. लाल शाईत: ‘रोजच्या बोलण्यात उतरला का?’

एका मधल्या सुट्टीत वर्गशिक्षिका त्या पोराचं बखोट धरून सामानाच्या खोलीशी आल्या. मागे एक रडणारा मुलगा आणि पुरावा म्हणून सांडलेला डबा.

“बघा तुमचा गुणी! ह्याला ‘कुत्र्या’ म्हणाला! सगळ्यांदेखत!”

भाची खुर्चीवरून उठलीच. “नक्की ‘कुत्र्या’? ‘तुत्र्या’ नाही ना?”

“अहो, शिवी दिली त्याने!”

“हो, पण ‘क’ स्पष्ट होता?” आणि शिक्षिकेच्या उत्तराची वाट न बघता ती रडणाऱ्या मुलापुढे गुडघ्यांवर बसली, वही उघडली, आणि म्हणाली, “बाळा, किती वेळा म्हणाला?”