अंतराळ स्वस्त, गच्ची महाग

ज्यास उपग्रहाशी संधान बांधावयाचे आहे, त्याने प्रथम आपल्या गृहनिर्माण संस्थेच्या चिटणिसाशी संधान बांधावे, हे स्वस्त भूस्थानक-संचाच्या आराखड्यातील पहिले कलम होय. कारण पुढील कलमांना लागणारी सर्व सामग्री बाजारात मिळते, गच्चीची किल्ली मात्र मिळत नाही.

वास्तविक अंतराळ हल्ली पुष्कळच स्वस्त झाले आहे. दूरचित्रवाणी पाहण्यासाठी घडविलेली, संगणकाला खोचावयाची अंगठ्याएवढी डोंगल २०१२च्या सुमारास हौशी मंडळींच्या हाती लागली आणि सॉफ्टवेअरच्या बळावर नाना प्रकारच्या रेडिओलहरी ऐकू लागली. तिला ५३ सेंटिमीटर लांबीच्या अॅल्युमिनियमच्या दोन कांड्या १२० अंशांचा कोन करून जोडल्या, की १३७ मेगाहर्ट्झच्या आसपास पृथ्वीची छायाचित्रे विनामूल्य वाटीत जाणारा रशियाचा मेटिऑर उपग्रह आपल्याही पदरात एक चित्र टाकतो. या कांड्यांसाठी दिवाणखान्यातील पडद्याचा दांडा उतरविताना मी काटकसरीच्या समर्थनार्थ पुणे जिल्ह्यातील खोडदच्या रेडिओ-दुर्बिणीचा दाखला दिला: खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या भरीव पत्र्याऐवजी पोलादी दोरांवर ताणलेल्या तारेच्या जाळीने उभारल्या. त्यावर, स्वरूपांनी ती जाळी घरच्या खिडकीची काढून नेली नव्हती, एवढाच शेरा मारून सौभाग्यवतींनी प्रकरण दप्तरदाखल केले.

चिटणिसांपुढील सुनावणी याहून कठीण होती. उपग्रह सुमारे ८०० किलोमीटर उंचीवरून सेकंदास साडेसात किलोमीटर वेगाने जातो, एका फेरीत फार तर पाव तास आपल्या क्षितिजावर राहतो, आणि येताना त्याची कंप्रता किंचित चढलेली व जाताना उतरलेली भासते, हे सर्व निवेदन त्यांनी शांतपणे ऐकून घेतले व विचारले, "मोबाइलच्या मनोऱ्याची कंपनी गच्चीचे भाडे देते, तुमचा रशियन काय देतो?"

"ढग," मी म्हणालो.

अखेर मंजुरी मिळाली ती विज्ञानाच्या नव्हे, तर कुरडयांच्या पुण्याईने. वळवाच्या दिवसांत घाटावर जमणारे ढग घरबसल्या पाहण्याची सोय होणार, हे कळताच गच्चीवर वाळवण घालणाऱ्या समस्त महिलावर्गाने माझी बाजू उचलून धरली. चित्रातील एका ठिपक्यात सुमारे एक किलोमीटर मुलूख मावतो, सबब आमची गच्ची त्यात दिसणे नाही, हा खुलासा कोणी मनावर घेतला नाही. परवा उपग्रह पाण्याच्या टाकीआड गेल्याने चित्रात मधोमध एक काळा पट्टा उमटला, तेव्हा त्या पट्ट्याखालील रहिवाशांनी वाळवण घालावे किंवा कसे, याबाबत चिटणिसांनी माझ्याकडून लेखी अभिप्राय मागविला आहे.