जुन्या बाजाराचे जहागीरदार

तिरुप्पनंदाळच्या देवळातील शिवलिंग एके काळी कलले होते आणि कुंगिलियक्कलय नायनारांनी गळ्यात दोर अडकवून ते सरळ केले, अशी तेथील स्थळपुराणाची साक्ष आहे. परंतु त्याच गावी नांदणाऱ्या आमच्या रायरांच्या दिवाणखान्यातील एखादी तसबीर सरळ करण्याची प्राज्ञा मात्र कोणाही नायनारास झाली नसती. कुंभकोणच्या आसमंतात तंजावरी मराठ्यांची जी थोडी घराणी उरली आहेत, त्यांत असा एखादा रायर हटकून निपजतो. वस्तू सुंदर असेल तर ती संग्रहालयाने घ्यावी, उपयोगी असेल तर संसाराने घ्यावी, आणि जिच्यावर या दोघांपैकी कोणाचाच हक्क पोचत नाही तिच्यावर आपली सनद चालावी, हा त्यांचा कायदा.

त्या सनदेखाली हंसाच्या पाठीवर बसविलेले प्लास्टिकचे घड्याळ, प्रभावळीत लाल-हिरवे दिवे उघडझाप करणारा मुरुगन आणि साल कधीच उलटून गेलेली शिवकाशीची कॅलेंडरे सुखाने नांदतात. मुका झालेल्या व्हॉल्वच्या रेडिओवर तंजावरच्या डोलणाऱ्या बाहुल्यांची जोडी आहे; पंखा लागला की ती मान हलवू लागते, आणि रायरांच्या खरेदीस बिनतक्रार रुकार देणारी त्या घरात एवढी दोघेच.

कारैकुडीच्या जुन्या बाजारात चेट्टियारांच्या मोडीत निघालेल्या वाड्यांतील चीजवस्तू विकावयास येते. तेथे इतर गिऱ्हाईक पोपडे दाखवून किंमत पाडते. रायर पोपडे पाहून ती आपण होऊन चढवितात. मागे त्यांनी तेथून पितळी कॉफी-फिल्टर मोठ्या दिमाखाने आणला, तेव्हा काकू म्हणाल्या, "अहो, मामंजींनी असलाच फिल्टर मोडीत घालून स्टीलचे पेले आणले होते ना?"

"तेव्हा ते भांडे होते," रायर गंभीरपणे उत्तरले, "आता ती पुराणवस्तू आहे."

कल्हईवाला हल्ली फिरकत नसल्याने कॉफी अर्थात स्टीलमध्येच गाळली जाते.

या सर्व भपक्यास कोणी हिणकस म्हटलेच, तर रायर थेट सर टी. माधवरावांना साक्षीस उभे करतात. 1828 साली कुंभकोणात जन्मलेल्या या तंजावरी मराठ्याने त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी केली, आणि निवडक चित्रे युरोपात रंगीत छापून घेण्याविषयी रविवर्म्यास पत्र लिहिले, हे इतिहासास मान्य आहे. पुढे 1894 साली रविवर्म्याने मुंबईत स्वतःचा छापखानाच काढला आणि राजवाड्यातील लक्ष्मी किराणा दुकानाच्या गल्ल्यामागे येऊन उभी राहिली. तेव्हा ज्या अभिरुचीचा उगम आपल्याच मुलखातील दिवाणाच्या कलमातून झाला, तिची थट्टा ही घराण्याची बेअदबी होय, असा त्यांचा युक्तिवाद. वकिली पाहता तो लंगडा नाही, असे मला वाटते.

पंचाईत झाली ती अशाच एका लक्ष्मीने. कोपऱ्यांवर वाळवी लागलेली ती तसबीर रायरांनी निव्वळ मौजेखातर कोचावर टांगली; पण दुसऱ्याच सकाळी मातुःश्रींनी काचेवर कुंकू लावून समोर समई ठेवली, आणि तेव्हापासून त्या कोचावर बसावयाची कोणास मुभा नाही, पाहुण्यांना जमिनीवर चटई मिळते, आणि स्वतः रायरांना लक्ष्मीकडे पाठ होऊ नये म्हणून वर्तमानपत्र तिरके बसून वाचावे लागते. अखेर त्यांनी एका जुन्या मालाच्या व्यापाऱ्यास गुपचूप बोलावून तसबीर दाखविली. त्याने काच न्याहाळून निकाल दिला की, कुंकू आतल्या कागदापर्यंत झिरपले आहे, आता निम्मी किंमतसुद्धा येणार नाही. ते आतल्या खोलीत ऐकू गेले; मातुःश्री त्यावर अवाक्षर बोलल्या नाहीत, मात्र कुंकवाचा करंडा त्यांनी मोठा आणविला.